प्रश्न सहावा

वरुडच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात,
ऑपरेशनच्या आदल्या दुपारी
मी फॉर्म घेऊन फिरते.
दहा प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते दहा आकडे
आणि वर छापलेलं वाक्य:
'आपणास किती खात्री वाटते, त्या आकड्याभोवती गोल करा.'
गोल बहुतेक मीच करते.
पेन पुढे केलं की त्या हात पदराला पुसतात
आणि म्हणतात, तूच कर वं बाई.

खाट तीनवरच्या मैनाबाई उईके, पोटात गाठ,
सगळ्याला दहा म्हणाल्या.
दुखणं सोसाल? दहा.
भुलीची भीती आवराल? दहा.
घरी सांगाल, दोन महिने हंडा उचलता येणार नाही म्हणून?
दहा दहा, लिवून टाक.
दारात आलेल्याला रिकाम्या हातानं कसं लावायचं,
म्हणून ओंजळीत शेंगा घालाव्यात
तसे आकडे घातले त्यांनी माझ्या कागदावर.
उठताना दिसलं, सलाईनचा दांडा
इतका घट्ट धरला होता
की नखं पांढरी पडली होती.
नखांसाठी फॉर्मवर जागा नाही.

खाट सात. द्रुपदाबाई कुबडे, पित्तात खडे.
बावीस वर्षं मंडीत संत्री निवडतात,
मोठी इकडे, बारीक तिकडे, डागी खाली.
'आकडा नोको इचारू,' म्हणाल्या, 'मी हातानं सांगतो.'
आणि हवेत बोटं वळवली, फळ धरल्यासारखी.
भुलीचं इंजेक्शन: अंगठा, मधलं बोट, लिंबाएवढं.
टाके ओढतील तेव्हा सावकाश श्वास घेणं:
पेटीच्या वरच्या थरातलं, गिऱ्हाइकाला दाखवायचं.
दुसऱ्या दिवशी उठून चालणं:
दोन्ही हात लागले.
'हे तं येतेच मले. चालल्याबिगर कोन जेवाले देते?'
मी अंदाजानं गोल करत गेले.
दोन. सात. दहा.

प्रश्न सहावा.
'गरज पडल्यास मी मदत मागू शकेन.'
बोटं वळली, उघडली, परत वळली.
काही धरताच येईना त्यांना.
शेजारच्या खाटेवर कुणाचा तरी डबा उघडला,
अंबाडीच्या भाजीचा वास आला.
'मागनं म्हंजे काय वं? पानी मागनं?'
हो, पाणीसुद्धा.
'कोनाले?'
मी कागदात पाहिलं.
कुणाला, ते छापलेलं नव्हतं.

'तू हाय का उद्या?'
उद्या मला अमरावती गाठायची होती,
चाळीस फॉर्म जमा करायला, साडेदहाच्या गाडीनं.
'मंग तुले किती भरोसा हाय, सांग ना.
मी भायेर येईन तवा तू इथं दिसशीन का?
शून्य ते दहा.'

पेन माझ्याच हातात होतं,
तरी मी आधी हात ओढणीला पुसले.
'सहा,' म्हटलं.
त्या हसल्या. वरचा एक दात नव्हता.
'सहा बरे हायेत. दहा म्हतलं असतं
तं मी समजली असती का तू येत नाईस.'

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला त्यांना आत नेलं.
बांगड्या काढून पदरात बांधल्या होत्या,
ती गाठ जाताना माझ्याकडे दिली.
साडेदहाची गाडी स्टँडावरून निघाल्याचा
हॉर्न वॉर्डात ऐकू आला.
चाळीस फॉर्म पिशवीत, पिशवी मांडीवर.

बाहेर आणलं तेव्हा ओठ सुकलेले,
डोळे कुठेच लागत नव्हते.
बराच वेळ नुसत्या कण्हत होत्या.
मग, कुणाकडे न बघता, स्वच्छ आवाजात:
'पानी.'
पाणी द्यायचं नसतं लगेच.
मी कापूस ओला केला, ओठांवरून फिरवला.
त्यांनी तो चोखला, लहान पोरासारखा,
आणि परत म्हणाल्या, जरा चिडूनच, 'अजून.'

अमरावतीत संध्याकाळी साहेब म्हणाले,
सहाव्या प्रश्नाला गोल नाही.
गोल नव्हता. त्या ओळीत मी वेळ लिहिली होती,
अकरा वाजून पन्नास.
हे कॉम्प्युटरमध्ये कुठल्या रकान्यात घालायचं, त्यांनी विचारलं.
मला माहीत नव्हतं.
पिशवीत हात घातला तर तळाशी पदराच्या चिंधीत बांधलेल्या
त्यांच्या बांगड्या तशाच होत्या.
सकाळची पहिली गाडी किती वाजता, मी विचारलं.